झाड पडलं की ते निसर्गाचं होतं

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, सांगली-मिरज रस्त्यावरनं आत वळलं की एक गुलमोहर होता. होता म्हणजे अर्धा अजून आहे. त्याच्या खाली एका मामांचा चहाचा गाडा, गेली अठरा वर्षं. मे महिन्यात त्या गुलमोहराखाली उभं राहिलं की चहा नसला तरी चालतंय असं वाटायचं एवढी सावली. दोन वर्षांपूर्वी पाईपलाईनसाठी बुंध्यापासनं हातभर अंतरावर चर मारली, मनगटाएवढी मुळं कापून बाजूला फेकली, मग चर बुजवून वरनं पेव्हर ब्लॉक, ते पण असे की झाडाच्या गळ्याला टाय बांधल्यासारखे घट्ट. पुढच्या पावसाळ्यात बुंध्याशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. मामा म्हणाले "सायेब, हे झाड आतनं गेलंय". मी फोटो काढले आणि अर्ज दिला.

अर्जाचं काय झालं ते सांगतो. पहिल्या हापिसात म्हणाले रस्ता आमच्याकडं नाही. दुसऱ्या हापिसात म्हणाले रस्ता आमच्याकडं आहे पण झाडाचं ते बघतात. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पोहोच दिली, शिक्का मारला, आणि म्हणाल्या झाडाची मालकी कुणाची त्याचा कागद जोडा. आता रस्त्यावरच्या झाडाचा सातबारा मी कुठनं आणू? फेब्रुवारीत अर्ज, मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला झाडाचा रस्त्याकडचा अर्धा भाग फाटून खाली आला, तो थेट लावलेल्या रिक्षावर. रिक्षावाला मुतारीला गेलेला आणि मामा दूध आणायला, म्हणून दोघं आज आहेत. पंचनाम्यात काय लिहिलं? वादळी वाऱ्यामुळे झाड कोसळून नुकसान. अहो त्या दुपारी समोरच्या बाल्कनीतला टॉवेल पण दोरीवरनं उडाला नव्हता.

मला राग झाडाचा नाही आणि खरं सांगायचं तर त्या हापिसातल्या बाईंचा पण नाही. मला राग त्या एका शब्दाचा आहे, "नैसर्गिक आपत्ती". हा शब्द कागदावर आला की सगळे सुटतात. चर मारणारा सुटतो, पेव्हर बसवणारा सुटतो, बिल पास करणारा सुटतो, अर्जावर झोपलेला सुटतो. आपण पण सुटतो म्हणा, कारण आपण लगेच "बिचाऱ्याची वेळच आली होती" म्हणून मोकळे होतो.

पण कायदा असं म्हणत नाही. दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरनं चाललेल्या एका तरुणाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या कडुलिंबाची फांदी पडली, तो दुसऱ्या दिवशी गेला. घरच्यांनी महापालिकेवर दावा लावला. ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि निकाल लागला १९९९ मध्ये. पस्तीस वर्षं! कोर्टानं जे सांगितलं त्याचा मतलब सोप्या भाषेत असा, की झाड वाळलंय, धोक्याचं झालंय हे ज्याच्या ताब्यात झाड आहे त्याला माहीत असायलाच पाहिजे, "आम्हाला कल्पना नव्हती" हे उत्तर नाही, वेळोवेळी झाडं तपासणं हे त्याचं कामच आहे, आणि नाही तपासलं तर भरपाई द्या. म्हणजे कायद्यानं गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीच मिटवलीय, आपल्या पंचनाम्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही एवढंच. त्यात अजून एक गंमत बघा, नैसर्गिक आपत्तीत माणूस गेला तर सरकारकडनं वारसांना ४ लाखांची मदत मिळते, ती मिळाली की घरचे पण फार खोलात जात नाहीत, कोण पस्तीस वर्षं कोर्टात चपला झिजवणार. मदत मिळावीच, त्याबद्दल वाद नाही. पण मदत आणि भरपाई यात फरक आहे. मदतीत कुणाची चूक नसते.

खड्ड्यांच्या बाबतीत हे थोडं बदलायला लागलंय. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. खड्डा कुणी देवानं पाडला असं आता कुणी म्हणू शकत नाही. झाडाला मात्र अजून देवाची सवलत चालू आहे.

आता झाड पडतं कसं ते जरा बघू, कारण इथंच सगळी मेख आहे. लोकांना वाटतं म्हातारं झालं, वारा आला, पडलं. तसं बऱ्याचदा नसतं. झाडाला पाडायची तयारी आपण चार-पाच वर्षं आधीपासनं करत असतो. झाडाची मुळं पाताळात गेलेली असतात हा एक गैरसमज. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या पण बाहेरपर्यंत पसरलेली असतात. रस्ता रुंद करताना, गटार काढताना, केबल टाकताना जेसीबी एका बाजूची मुळं साफ कापतो, झाड त्या दिवशी पडत नाही, पुढं दोन-तीन वर्षं हिरवंगार दिसतं, पानं येतात, फुलं येतात. आत कापलेल्या तोंडातनं बुरशी वर चढत असते. मग एका पावसाळ्यात जमीन भिजून ढिली झाली की ज्या बाजूला पायच नाही त्या बाजूला धरायला काही उरत नाही. तोपर्यंत ठेकेदाराचं बिल निघून त्याच्या पोराचं लग्न पण झालेलं असतं.

वरनं तारांखालची छाटणी. दरवर्षी पावसाळ्याआधी लाईनवाले येतात, तारेकडची बाजू सपासप उडवतात. त्यांचं काम तार मोकळी करणं, झाडाचा तोल राखणं नाही, आणि त्यांनी काय करावं, त्यांना एका दिवसात अख्खा फीडर, म्हणजे एका भागाची सगळी लाईन, संपवायचा असतो. एका बाजूनं बोडकं, दुसऱ्या बाजूनं सगळा भार रस्त्यावर. काही ठिकाणी तर शेंडाच उडवतात, मग त्या ठोकळ्यातनं झाडूसारखे कोंब फुटतात, लोक म्हणतात बघा कसं पुन्हा फुटलं. ते कोंब सालीलगत चिकटलेले असतात, मूळच्या फांदीसारखे खोडात आत रुजलेले नसतात, पाच-सात वर्षांनी जाड झाले की तेच आधी उन्मळतात. फांदी कापायची पण एक रीत आहे. आधी खालनं अर्धवट चीर, मग थोडं पुढं वरनं कापायचं, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते ती राखून काढायचा, म्हणजे जखम भरते. हे छाटणीच्या गाडीवर किती जणांना शिकवलंय? द्राक्षबागेची छाटणी करणारा आमच्या तासगावचा कुठलाही माणूस डोळ्याच्या अंदाजानं कुठं कात्री लावायची सांगेल, तेवढी अक्कल आपण रस्त्याकडच्या झाडासाठी वापरायला तयार नाही.

शिवाय आमच्या भागाचे खास आजार आहेत. एक पाचट. ऊस तुटला की शेतकरी पाचट पेटवतो, बांधाच्या पलीकडं रस्त्याकडेला चिंच नाहीतर बाभूळ असते, जाळ तिच्या बुंध्याला लागतो. एकदा नाही, दरवर्षी. त्या बाजूची साल मरते, आत ढोली पडते. यात सगळं चुकून होतं असं पण नाही. झाडाची सावली उसावर पडते, दोन सरी खुरटतात, मग जाळ जरा मुद्दाम झाडाकडनं लावायचा, दोन-तीन वर्षांत झाड वाळतं, वाळलेल्याची परवानगी सोपी. हे बोललेलं आमच्या गावाकडच्यांना आवडणार नाही पण मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे, मी हे डोळ्यानं बघितलंय. दुसरा आजार पूर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, निम्म्या सांगलीतली झाडं आठवडाभर पाण्यात उभी. मुळांना पण हवा लागते, गुदमरलेली मुळं लगेच कळत नाहीत. २०२१ ला पुन्हा पाणी. पूर ओसरल्यावर घरांचे पंचनामे झाले, दुकानांचे झाले, झाडांचा कुणी केला असेल तर मला दाखवा. तिसरं आमची काळी माती, उन्हाळ्यात फुटभर भेगा आणि पावसात लोण्यासारखी मऊ.

आणि झाडं कुठली लावलीत? गुलमोहर मादागास्करचा, दिसायला राजा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. बागेत लावा, हमरस्त्याच्या कडेला चहाच्या गाड्यावर कशाला. सुबाभूळ, पेल्टोफोरम, लवकर वाढणारी म्हणून लावली आणि ती लवकर वाढली, आता त्यांचं वय होत आलंय.

मग झाड कुणाचं? इथं मला एक जुनी गोष्ट आठवते. रस्त्याकडेच्या चिंचांचा लिलाव व्हायचा, काही ठिकाणी अजून होतो. कुठल्या किलोमीटरपासनं कुठल्या किलोमीटरपर्यंतची झाडं, कागदावर पक्कं असायचं. चिंच विकायच्या वेळी झाड खात्याचं असतं, एक बोटूक कुणी तोडलं तर केस. आणि झाड पडलं की ते निसर्गाचं होतं. पडलेल्या झाडाचं लाकूड मात्र परत कुणाचं तरी असतं, तासाभरात कटर मशीन येते आणि संध्याकाळपर्यंत वखारीत. म्हणजे मालकी आहे हो, फक्त ती फायद्यापुरती आहे.

पूर्वी प्रत्येक रस्त्यावर मैलकुली असायचे. खाकी चड्डी, फावडं, घमेलं, आपापल्या मैलाची साईडपट्टी भरायची, मोरी साफ करायची, झाडाला आळं करायचं, गेरू-चुन्याचा पट्टा मारायचा. त्या माणसाला आपल्या टप्प्यातलं झाड न् झाड माहीत असायचं, कुठलं पोकळ, कुठल्यावर मोहोळ, कुठलं गाडीच्या टपाला लागतंय. ही माणसं रिटायर होत गेली, जागा भरल्या नाहीत, कामं ठेक्यावर गेली. ठेका खड्ड्याचा असतो, झाडाचा नसतो. माझ्या मते रस्त्याकडचं झाड अनाथ झालं ते तिथं. इंजिनियर गाडीतनं बघतो, त्याला पानं दिसतात. बुंधा चालणाऱ्या माणसालाच दिसतो.

शहरात तर आपण पैसे पण देतो. घरपट्टीच्या बिलावर बारीक अक्षरात "वृक्ष कर" म्हणून रकाना असतो, बघा काढून. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडं मोजायची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. चांगलंच केलं. पण या सगळ्याचा जोर कुठं आहे तर झाड तोडू नये यावर. झाड नीट उभं राहावं, खालनं जाणारा नीट घरी जावा, याचं काम कुणाच्या टेबलावर आहे ते शोधून सापडत नाही. हद्दीबाहेर गेलं की १९६४ चा तोडीचा कायदा, तो पण तोडीपुरताच. साताऱ्याची हद्दवाढ २०२० ला झाली, तसं गावागावांत होत राहणार, काल जिल्हा परिषदेचं असलेलं झाड आज पालिकेचं, उद्या हायवेवाल्यांचं, झाड तिथंच आणि फाईल फिरतीय.

आता आपल्या दोन पार्ट्यांबद्दल. एक पार्टी म्हणते जुनी झाडं काढूनच टाका, माणसाच्या जिवापेक्षा झाड मोठं आहे का. दुसरी म्हणते एकाही फांदीला हात लावाल तर बघा. मी मनानं दुसरीकडचा आहे, लपवत नाही. पण आमची पण चूक सांगायला पाहिजे, आणि त्यासाठी भोसेच्या वडाएवढं दुसरं उदाहरण नाही. मिरज तालुक्यातलं भोसे, यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. २०२० च्या जुलैत लोक रस्त्यावर उतरले, त्यावेळचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी गडकरींना पत्र लिहिलं, रस्त्याची आखणी बदलली, वड वाचला. आम्ही फोटो टाकले, पेढे वाटायचे तेवढे राहिले. २०२२ च्या जूनमध्ये तो वड पडला.

बातमी वाचली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पण नंतर डोक्यात एकच येत राहिलं. त्या दोन वर्षांत, एवढं मोठं काम शेजारी चालू असताना, त्या झाडाची तब्येत बघायला कुणी नेमला होता का? पारंब्यांना आधार, मुळांभोवती मोकळी जागा, एखादा जाणकार येऊन खोड ठोकून बघतोय, असलं काही? आंदोलन करताना आम्ही "झाड वाचवा" म्हणालो आणि झाड वाचवणं म्हणजे आखणी बदलणं एवढंच समजलो. ऑपरेशन झालं नाही म्हणून आनंद केला आणि पेशंटला वॉर्डात सोडून आलो. मी पण त्यातच.

आणि आपल्या आरडाओरड्याचा अजून एक परिणाम होतो, तो कबूल करायला जड जातं. समजा तुम्ही अधिकारी आहात. धोक्याचं झाड काढलं तर नोटीस चिकटवा, हरकती घ्या, दुसऱ्या दिवशी पेपरात "भरदिवसा वृक्षाची कत्तल". नाही काढलं आणि पडलं तर? नैसर्गिक आपत्ती. तुम्ही काय निवडाल? मी पण झोपूनच राहीन. २०१७ साली मुंबईत चेंबूरला नारळाचं झाड पडून रस्त्यानं चाललेल्या बाई गेल्या, त्या झाडाबद्दल रहिवाशानं आधी परवानगी मागितली होती आणि झाड ठीक आहे म्हणून ती मिळाली नव्हती. ठीक आहे हे कुणी, काय बघून ठरवलं, हा प्रश्न आहे. त्यामुळं मला वाटतं "तोडा" आणि "तोडू नका" याच्या आधी "तपासा" हा शब्द यायला पाहिजे आणि तपासणाऱ्याची सही पाहिजे.

तपासणं म्हणजे फार मोठं विज्ञान लागतंय असं नाही. मशिनी आहेत, खोडात बारीक सुई घालून आतलं लाकूड किती घट्ट ते सांगणाऱ्या, ध्वनिलहरी सोडून पोकळी दाखवणाऱ्या, पण त्या शंभरातल्या पाच झाडांना लागतील. बाकीचं डोळ्यानं आणि लाकडी हातोडीनं कळतं. बुंध्याशी अळंबी आलीय का, एका बाजूची माती उचलली गेलीय का, दोन फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का, ठोकल्यावर आवाज भद्द येतोय का. आणि ढोली दिसली की झाड पाडा असं पण नाही हं. पोकळ पाईप पण ताकदवान असतो. बाहेरची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असली तर झाड उभं राहू शकतं, असा झाडं तपासणाऱ्यांचा आडाखा आहे. त्या ढोलीत पिंगळा राहतो, पोपट राहतात, त्यांना पण कुठंतरी राहायचंय. बऱ्याच झाडांचा भार कमी केला, एखादी फांदी उतरवली, टेकू दिला, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडलं तरी काम भागतं. दिल्लीत २०१३ ला हरित लवादानं झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करा असा आदेश दिला होता. आमच्याकडं आदेशाची वाट कशाला बघायची, पेव्हर तर आपलीच नगरसेवक मंडळी बसवतात.

मला तीन गोष्टी सुचतात, त्यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची. एक म्हणजे दरवर्षी एप्रिलअखेर, वळवाच्या आत, गर्दीच्या रस्त्यांवरची मोठी झाडं कुणीतरी चालत जाऊन बघायची, झाडगणनेचा नंबर आहेच, त्या नंबरापुढं तारीख, काय दिसलं आणि कुणी बघितलं ते लिहायचं आणि यादी वॉर्डात लावायची. दुसरं, रस्त्याचा, गटाराचा, केबलचा ठेका देताना दोष दायित्व कालावधी असतो ना, तेवढ्या वर्षांत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं करायचा, त्यातच त्या कामाच्या पट्ट्यातली झाडं घाला. काम सुरू करायच्या आधी फोटो, संपल्यावर फोटो, मूळ कापलं तर नोंद, आणि मुदतीत झाड मेलं किंवा पडलं तर त्याचं डिपॉझिट अडकलं पाहिजे. एकदा एकाचं डिपॉझिट अडकू द्या, मग बघा जेसीबीवाला मुळाजवळ आला की कसा खाली उतरून कुदळ हातात घेतो. आणि तिसरं, अर्ज आला की तो कुणाच्या हद्दीत हे शोधायचं काम अर्ज देणाऱ्याचं नाही, घेणाऱ्याचं.

पैसे कुठनं आणायचे हा प्रश्न येणार. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट घेतलं होतं. खड्डे, रोपं, ट्रक, मंडप, बॅनर, सगळ्याला पैसे होते. लावलेलं रोप मोठं झालं की पंधरा वर्षांनी ते पण याच रस्त्याकडेला याच तारांखाली उभं राहणार आहे. सावित्री नदीचा पूल २०१६ ला महाडला वाहून गेला, एसटी गेल्या, माणसं गेली, तेव्हा जुन्या पुलांच्या ऑडिटला पैसे सापडले. पुलाचं एक बरं असतं, तो एकदम पन्नास माणसं घेऊन पडतो. झाड एकेकाला घेतं, कधी मोटारसायकलवाला, कधी शाळेच्या रिक्षाची वाट बघणारं पोरगं, पेपरात आतल्या पानावर चार ओळी. म्हणून त्याचं ऑडिट होत नाही.

आमच्या गुलमोहराचं पुढं काय झालं म्हणाल तर पडलेला भाग त्याच संध्याकाळी उचलून नेला, या बाबतीत यंत्रणा एकदम फास्ट. उभा राहिलेला अर्धा तसाच आहे. मी दुसरा अर्ज दिला, जुन्या अर्जाची पोहोच जोडली, पंचनाम्याची झेरॉक्स जोडली. या वेळी मालकीचा कागद कुणी मागितला नाही, "पाहणी करून कळवू" म्हणाले. रिक्षावाल्याचा इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी होता, टपाला आणि काचेला त्यानं स्वतःच्या खिशातनं घातले. मामांनी गाडा वीस फूट पलीकडं नेलाय, उन्हात. डोक्यावर निळी ताडपत्री बांधलीय, पण दुपारी बारानंतर तिच्याखाली कुणी थांबत नाही, गिऱ्हाईक चौकातल्या हॉटेलात पंख्याखाली जातंय. परवा म्हणाले "सायेब, त्या अर्ध्याचं काय ते लवकर बघा, एक तर ठेवा म्हणावं नाहीतर काढा म्हणावं, मला गाडा परत नेता येतोय का तेवढं कळू दे".